दांडी आपोआप सरकते तेव्हा

घरात व्हिडिओ गेम खेळणारं मूल असेल, तर ही तक्रार तुमच्या कानावर आली असेल: कंट्रोलरच्या दांडीला हात लावला नाही, तरी पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालत सुटतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर व्हायची, आठवतं? दुखणं तेच. दांडीला दोन छोटे पोटेन्शियोमीटर जोडलेले असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत जाते. पट्टी झिजली किंवा धूळ अडकली, की दांडी मधोमध असूनही यंत्राला ती कललेली वाटते.

म्हणून लगेच नवा कंट्रोलर घेऊ नका. आधी गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ थोडा वाढवून पाहा. मग कंट्रोलर बंद करून दांडीच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, दांडी गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. खोबरेल तेल मात्र नको. त्यावर धूळ आणखी बसते. घाणच असेल तर गुण येतो. झिजलेला कार्बन काही परत येत नाही.

मग भागच बदलायचा. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये एका दांडीचे बहुधा चौदा डाख काढावे लागतात. हात बसलेला नसेल तर कारागिराकडे द्या. बदलताना चुंबकावर चालणारा ‘हॉल इफेक्ट’चा भाग मागा. त्यात पट्टीवर घासणारी जीभच नसते. सेगानं १९९८च्या ड्रीमकास्टमध्ये तो वापरला होता! बसवल्यावर कॅलिब्रेशन तेवढं करून घ्या, नाहीतर नवी दांडीही सरकलेलीच दिसेल.