पावती हातात, नोंद कुठे?

आठही तालुक्यांतून आलेले सेवा केंद्रचालक आणि प्रोग्रामर बंधू-भगिनींनो,

संमेलन धाराशिवात आहे, म्हणून विषयही इथलाच घेतो. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत या जिल्ह्यातलं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. कुठे वीज नाही, कुठे रेंज नाही, त्यात कोरोना. असंख्य शेतकऱ्यांची सूचना पोचलीच नाही. सूचनेची नोंद नाही, म्हणून भरपाई नाही. शेवटी मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश द्यावा लागला. नुकसान खरं होतं, फक्त संगणकात त्याची ओळ नव्हती.

तिथे नोंद झालीच नव्हती. मला बोलायचंय ते झालेली नोंद हरवते त्याबद्दल. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, राज्यातून दीड कोटीहून जास्त अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. असा लोंढा आला की ‘सर्व्हर डाऊन’ तरी सगळ्यांना दिसतं. गळालेला अर्ज कुणालाच दिसत नाही.

तक्रार आली की आधी एवढंच ठरवा: अर्ज डेटाबेसपर्यंत आलाच नाही, येऊन मागे फिरला, की आत असून आपल्याला सापडत नाही? मागे फिरण्याचं नेहमीचं कारण डेडलॉक. दोन ट्रॅन्झॅक्शन एकमेकांचं लॉक सुटायची वाट पाहत अडकले की डेटाबेस त्यातल्या एकाला रोलबॅक करतो. तसं तो कळवतोही. पण कोडनं ती एरर गिळली, तर स्क्रीनवर ‘अर्ज यशस्वी’ झळकतं. दुसरं कारण, ‘आधी असेल तर सोडून दे’ अशा पद्धतीचा इन्सर्ट. युनिक की फक्त आधार आणि पिकावर ठेवली, तर एकाच शेतकऱ्याच्या दुसऱ्या गटातलं सोयाबीन निमूटपणे गळतं. अनुक्रमांकात फट दिसली म्हणून मात्र घाबरू नका. रोलबॅक झालेला ट्रॅन्झॅक्शन घेतलेला क्रमांक परत करत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. समजा, रात्री पावणेबाराला दोन अर्ज आले. एकाला क्रमांक मिळाला ४१, दुसऱ्याला ४२. क्रमांक इन्सर्ट होतानाच मिळतो, पण ओळ इतरांना दिसते ती कमिटनंतर. ४१ चा सातबारा अपलोड होत राहिला, ४२ आधी कमिट झाला. त्याच क्षणी यादी पुढे पाठवणारा जॉब चालला. त्याला ४२ दिसला आणि त्यानं ‘४२ पर्यंत झालं’ अशी खूण करून ठेवली. दोन सेकंदांनी ४१ कमिट झाला. पुढच्या वेळी जॉब ४३ पासून सुरू होतो. मूळ टेबलात अर्ज आहे, शेतकऱ्याच्या हातात पावती आहे, पुढे गेलेल्या यादीत मात्र नाव नाही. लॉगमध्ये एररही नाही, कारण कुणाचंच काही फसलेलं नाही! टेस्टिंगला एकटे बसून हजार अर्ज भरलेत तरी हे घडणार नाही. त्यासाठी गर्दीच लागते.

यावर ‘शेवटचा क्रमांक’ लक्षात ठेवून भागत नाही. प्रत्येक ओळीवर ‘पाठवली’ अशी स्वतंत्र खूण हवी आणि मूळ टेबल व पुढची यादी यांचा रोज ताळा हवा, नुसत्या बेरजेचा नव्हे, पावती क्रमांकानिशी. पावती कमिटनंतरच निघावी. केंद्रचालकानं घाईत दोनदा बटण दाबलं तरी विनंतीचा क्रमांक एकच राहावा.

केंद्रचालकांचा मला फार आदर आहे. लोकांचा राग तुम्ही झेलता, आणि टेबल मात्र आम्हा मंडळींच्या ताब्यात असतं. म्हणून नोंद सापडली नाही की ‘तुम्ही अर्जच केला नाही’ हे उत्तर आपल्यापैकी कुणीही देऊ नये. पावती दाखवणाऱ्याला पुरावा मागण्याआधी आपण आपले लॉग तपासावेत. ते लॉग हंगामाचे सगळे दावे निकाली निघेपर्यंत पुसू नयेत, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. त्यावर मोकळेपणानं बोला. विरोध असेल तर तोही तिथेच नोंदवा.