मऊ जमिनीवरील ट्रक : पकडीचे शास्त्र आणि बिनखर्चाचे उपाय

ट्रक मऊ जमिनीत रुतला की दोष बहुधा इंजिनाला दिला जातो, नाहीतर चारही चाकांना शक्ती पोहोचवणारी महागडी यंत्रणा त्यात नव्हती, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात रुतलेल्या ट्रकची मागची चाके जागच्या जागी गरगरत असतात, आणि इंजिनाकडे शक्ती शिल्लक असल्याचा, परंतु ती पेलण्याइतके बळ चाकाखालच्या मातीत उरले नसल्याचा तोच पुरावा असतो. ट्रक पुढे जातो तो चाकाने जमिनीला मागे ढकलल्यामुळे. ती जमीन न तुटता जितका धक्का सोसते, तितकीच पकड ट्रकला मिळते, आणि अधिक शक्तीचे इंजिन बसवून ही मर्यादा वाढत नाही. म्हणून पकडीचा विचार मातीपासून सुरू करावा लागतो आणि तो तसा केला की जे उपाय पुढे येतात, त्यांतील बहुतेकांना पैसे फारसे लागत नाहीत.

माती कधी तुटते, याचा मूलभूत नियम शार्ल कूलों या फ्रेंच अभियंत्याने १७७३ साली मांडला. तटबंदी आणि आधारभिंती बांधताना पडलेल्या प्रश्नांतून त्याने दाखवून दिले की मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरू न देणारे बळ दोन वेगळ्या गोष्टींतून येते. पहिली म्हणजे कणांची एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती, जिला संसक्ती म्हणतात; दुसरी म्हणजे कणाकणांतील घर्षण, जे वरून पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात वाढते. संसक्तीतून मिळणारे बळ चाक जमिनीला जितक्या क्षेत्रफळावर टेकते त्यावर ठरते, तर घर्षणातून मिळणारे बळ चाकावरच्या वजनावर. विसाव्या शतकाच्या मध्यात पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते एम. जी. बेकर यांनी याच पायावर वाहन आणि भूमी यांच्या परस्परसंबंधांचे स्वतंत्र शास्त्र उभे केले, आणि चंद्रावर चाललेल्या अमेरिकी वाहनाच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

कोरड्या वाळूत संसक्ती जवळजवळ नसतेच, तिथे सगळे बळ घर्षणाचे. उलट पाण्याने भरलेल्या चिकणमातीत घर्षणाचा भाग नगण्य होतो आणि उरते ती केवळ संसक्ती. यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारात फार मोलाचा आहे. मागच्या आसावर वाळूची पोती टाकून रिकाम्या ट्रकची पकड वाढवण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, तो मुरमाड किंवा खडीच्या घसरड्या चढावर खरोखर उपयोगी पडतो, परंतु ओल्या काळ्या मातीत तेच वजन पकडीत काहीही भर न घालता चाक फक्त अधिक खोल नेते. जमीन न ओळखता केलेला उपाय उलटतो, आणि रुतलेल्या गाडीभोवती जमलेल्या माणसांच्या सल्ल्यांत जो गोंधळ असतो त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

दोन्ही प्रकारच्या जमिनींत चालणारा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो स्थूलमानाने त्याच्या आतील हवेच्या दाबाइतका असतो. टायरच्या भिंतींच्या ताठरपणामुळे त्यात थोडा फरक पडतो, पण हिशेब समजण्यासाठी तो बाजूला ठेवता येतो. भारतात २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर चार टायरांच्या एकेरी आसाला ११.५ टन भार चालतो, म्हणजे प्रत्येक टायरवर सुमारे २,८७५ किलो येतात. टायरमध्ये १०० पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब असेल, तर हा भार पेलायला सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, आणि ती नेहमीच्या ए-फोर कागदाच्या दोन तृतीयांश भरते. हवा निम्मी केली की ही जागा जवळपास दुप्पट होते. टायर तेव्हा रुंदीपेक्षा लांबीत अधिक पसरतो, त्यामुळे चाकापुढे मातीचा बांध साचण्याचे प्रमाणही घटते. वाळूत याचा लाभ चाक कमी रुतण्यात होतो, तर चिकणमातीत टेकणारे क्षेत्रफळच वाढल्याने पकडीतही थेट भर पडते.

या ज्ञानाची सर्वांत कठोर परीक्षा इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात झाली. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात फोर्ड कंपनीच्या साध्या मोटारी घेऊन फिरू लागला, आणि जो प्रचंड वालुकासागर चाकांना अगम्य मानला जात होता, त्यात त्याने १९३० साली मोटारी नेल्या. या गाड्यांची केवळ मागची चाके चालत. टायरमधील हवा उतरवणे, अनावश्यक लोखंड आणि पत्रे काढून गाडी हलकी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली लांब पन्हळी घालणे ही त्याची मुख्य साधने होती. या पोलादी पन्हळी पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी बनवलेल्या होत्या आणि त्या कैरोतील भंगारवाल्याकडे मिळाल्या. आज त्याच कल्पनेच्या रंगीत प्लॅस्टिकच्या फळ्या चांगल्या किमतीला विकल्या जातात, हे लक्षात घेतले म्हणजे मूळ कल्पनेचे मोल अधिकच जाणवते. या प्रवासांतून पडलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा करीत बॅग्नोल्डने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर १९४१ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्या विषयाचा पाया मानला जातो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या उन्हाळ्यात, त्याने कैरोमध्ये शत्रूच्या पिछाडीला दूरवर टेहळणी करणारे पथक उभे केले. लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या नावाने ते ओळखले जाते. त्यासाठी निवडलेले शेव्रोले ट्रक साधे व्यापारी, मागच्या चाकांवर चालणारे होते. त्यांची दारे, टप आणि पुढच्या काचा काढण्यात आल्या आणि कमानपाट्यांना जादा पाटे घालून ते बळकट करण्यात आले. पुढे १९४१ मध्ये या पथकाला चारही चाके चालणारे फोर्ड ट्रक मिळाले. ते अंगाने जड आणि पेट्रोल अधिक पिणारे ठरले, आणि १९४२ मध्ये पथक पुन्हा दोन चाकांवर चालणाऱ्या शेव्रोलेकडे वळले. युद्धाच्या काळात, यंत्रसामग्रीची निवड जिवावर बेतणारी असताना, जाणत्या माणसांनी केलेली ही निवड चार चाकांच्या यंत्रणेला कमी लेखत नाही. हलकेपणा आणि टायरमधील हवा यांचे मोल मात्र ती नि:संशय सिद्ध करते. त्याच सुमारास अमेरिकेत बनलेल्या डीयूकेडब्ल्यू या जलस्थलगामी ट्रकात चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमीजास्त करता येऊ लागली, यावरूनही या एका गोष्टीचे महत्त्व कळते.

मात्र हवा उतरवण्याला शिस्त लागते. कमी हवेचा टायर वेगाने चालवला तर त्याच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि फाटतात. जोडचाकांच्या फुगलेल्या कुशी एकमेकींना घासतात. आणि ट्यूबच्या टायरमध्ये टायर रिमवर सरकला तर ट्यूबचे तोंडच उपटून निघते. म्हणून भरलेल्या ट्रकची हवा फक्त रुतण्याच्या टप्प्यापुरती, माणूस चालेल त्या वेगासाठी उतरवावी आणि कठीण जमीन लागताच परत भरावी. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसर मुळातच असतो आणि अनेक गाड्यांत टायर भरण्याच्या नळीसाठी जोडणीही दिलेली असते. ती नळी आणि दाब मोजण्याचे गेज एवढाच या उपायाचा खर्च.

महाराष्ट्रातील खरी कसोटी वाळूची नसून काळ्या मातीची आहे. दख्खनच्या बेसाल्टापासून झिजून बनलेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी खनिजे असतात. ती सुकली की दगडासारखी टणक होऊन भेगाळते आणि भिजली की टायरच्या नक्षीत इतकी घट्ट बसते की खोल खाचांचा लग टायरसुद्धा काही फेऱ्यांत गुळगुळीत चाकासारखा वागू लागतो. ऊसतोडणीच्या हंगामात अवकाळी पाऊस आला की फडात भरलेले ट्रक बाहेर काढणे हे वाहतूकदार, मुकादम आणि शेतकरी या सर्वांवरचे संकट ठरते. इथे पाचट, गोणपाट, फांद्या किंवा मुरूम यांचा उपयोग होतो, कारण ते टायर आणि ओली माती यांच्यात धाग्यादोऱ्यांची किंवा खड्यांची कोरडी जाळी निर्माण करतात; साखळ्या किंवा चाकाभोवती आवळलेला दोरही हेच काम करतो. एक अपवाद नोंदवायला हवा. चिखलाचा थर वीतभर आणि खाली मुरूम किंवा खडक असेल, तर पसरट टायरपेक्षा पूर्ण हवेचा अरुंद टायर बरा, कारण तो चिखल कापून तळाला पोहोचतो. लोखंडी धावेचे बैलगाडीचे अरुंद चाक अशा वाटांवर त्याच कारणाने निभावून नेत असे.

चाकाखाली काय घालावे याइतकेच ते कोणत्या चाकाखाली घालावे हेही महत्त्वाचे असते. मागच्या आसातील डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची रचना, दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते. त्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की कोरड्यावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण पीळ मिळतो. म्हणून पाचट फिरणाऱ्या चाकाखालीच घालावे. हॅंडब्रेक अर्धवट ओढला की शक्ती दुसऱ्या चाकाकडे जाते, ही समजूत अर्धीच खरी आहे: तो ब्रेक दोन्ही चाकांना सारखा लागतो, तेव्हा मिळालेला जादा पीळ दुसऱ्या चाकावरच्या ब्रेकमध्येच खर्ची पडतो, आणि फायदा होतो तो भरकटलेल्या चाकाचे फिरणे थांबण्यापुरता. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र असल्याने तिथे मात्र हीच युक्ती पूर्ण फळते.

उरतो तो चालकाचा पाय. मातीत चाक थोडे घसरल्याशिवाय पकड येतच नाही, साधारण पंधरा ते पंचवीस टक्के घसरणीला ती सर्वाधिक असते; त्यापुढे चाक जमीन उकरू लागते आणि काही क्षणांत डिफरेन्शियलचा गोळा जमिनीला टेकतो. मग टायरवरचा भार त्या गोळ्यावर जातो आणि फावड्याने गोळ्याखालची माती काढल्यावाचून कोणताही उपाय चालत नाही. गाडी थोडी जरी अडखळली तरी ॲक्सिलरेटर सोडणे आणि आलेल्या चाकोरीतून, जिथे माती आधीच दबलेली आहे, मागे येणे, हे पुढे रेटण्यापेक्षा शहाणपणाचे असते. टोचन लावायचेच असेल तर दोर चासीला बांधावा, आणि दोर ताणलेला असताना कोणीही त्याच्या आसपास उभे राहू नये, कारण तुटलेला दोर माणसाचा जीव घेतो.

या सर्व उपायांनी ट्रक बाहेर निघतो, पण शेताचा हिशेब वेगळा राहतो. हवा कमी केल्याने वरच्या थरावरचे दडपण कमी होते; खोल थरात मात्र माती किती आवळली जाते हे टायरच्या दाबापेक्षा आसावरच्या एकूण भारावर ठरते, आणि नांगराच्या आवाक्याखाली झालेली ही हानी वर्षानुवर्षे पिकाच्या मुळांना अडवते. म्हणून ओल्या फडात ट्रक न घालता अर्ध्या भाराच्या ट्रॉल्यांनी ऊस पक्क्या रस्त्यापर्यंत आणणे, किंवा तोडीचा क्रम बदलून त्या शेताला वाफसा येईपर्यंत थांबणे, हे वाहतुकीच्या नियोजनातच बसवावे लागते, आणि त्या थांबण्याची भरपाई चालकाच्या किंवा तोडणी कामगारांच्या मजुरीतून कापली जाणार नाही, याची व्यवस्था साखर कारखान्यालाच करावी लागते.