पहिला नंबर आणि पाठीवरचे ओझे



आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागली, की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण. हे तुम्हांला मी सांगायला नको. दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. भाविकांच्या लेखी त्या मोकळ्या पाठीवर स्वतः महाराज असतात. तिथे शर्यत नाही, भक्ती आहे. पण एखाद्या चौकस पोराने वर्गात विचारलेच, "गुरुजी, ह्यांत पळायला सरस कोणता?" तर गुरुजींनी पुढे कोण गेला एवढ्यावर उत्तर देऊ नये. एकाच्या पाठीवर माणसाचे वजन आहे, ते आधी हिशेबात धरायला हवे.

नेमका हाच हिशेब पुण्याच्या आणि मुंबईच्या रेसकोर्सवर अधिकृतपणे मांडला जातो. रेस म्हटली की पैसे लावणे डोळ्यांपुढे येते. त्याची शिफारस करायला मी आलेलो नाही. त्यापायी बुडालेले संसार आपल्याला ठाऊक आहेत. मला बोलायचे आहे ते मोजमापाबद्दल.

तिथे हँडिकॅपर नावाचा एक अधिकारी असतो. तो प्रत्येक घोड्याला गुण देतो. ज्याचे गुण जास्त, त्याच्या पाठीवर ओझे जास्त. आपल्याकडे एक गुण म्हणजे अर्धा किलो. इंग्लंडात एक गुण म्हणजे एक पौंड, म्हणजे जवळपास तेवढेच. जॉकी हलका भरला तर खोगिराबरोबर शिशाचे पत्रे देऊन वजन पुरे करतात, आणि शर्यतीच्या आधी नि नंतर त्याला तराजूवर बसवतात. सर्वांनी एकाच वेळी शेवटच्या खांबाशी पोचावे, ही हँडिकॅपरची इच्छा. ती कधी पुरी होत नाही, आणि प्रत्येक शर्यतीनंतर तो गुण पुन्हा दुरुस्त करतो.

एक उदाहरण फळ्यावर मांडता येईल. 1600 मीटरची शर्यत आहे. एका घोड्यावर 58 किलो, दुसऱ्यावर 52. हलका घोडा दोन अंगलांबींनी जिंकला. एवढ्या अंतराला एक अंगलांबी म्हणजे साधारण एक किलो, असा ठोकताळा आहे. ओझ्याचा फरक सहा किलोंचा. म्हणजे सारखे वजन असते, तर हरलेला घोडाच सुमारे चार अंगलांबी पुढे निघाला असता. बक्षीस दुसऱ्याला मिळाले खरे, पण गुण ह्याचे आठ जास्त!

डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींत मात्र ओझे सर्वांना जवळपास सारखे असते. मग अव्वल घोड्यांचे गुण ठरवायचे कसे? हरवले कोणाला, आणि किती अंतराने, ह्यावरून. इंग्लंडातला फ्रँकेल 14 शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. पण त्याला 2012 साली 140 गुण मिळाले ते काही नुसत्या चौदा ह्या आकड्यामुळे नव्हेत. एक्सेलेब्रेशन नावाचा उत्तम घोडा त्याच्यापुढे पाच वेळा हरला, एकदा तर 11 अंगलांबींनी. आणि फ्रँकेल मैदानात नसला, की हाच एक्सेलेब्रेशन मोठमोठ्या शर्यती मारी. हरणाऱ्याची योग्यता पक्की ठाऊक होती, म्हणून जिंकणाऱ्याची मोजता आली.

उलट 1986 सालचा डान्सिंग ब्रेव्ह दहांपैकी दोन शर्यती हरला होता, इंग्लंडची डर्बीसुद्धा. तरी त्याला 141 गुण होते! पुढे 2013 च्या जानेवारीत तज्ज्ञांनी जुने आकडे पुन्हा तपासले. पूर्वीच्या वर्षांत गुण जरा सढळ हाताने दिले गेले, असे त्यांचे मत पडले, आणि त्याचे 138 केले. फ्रँकेल आपोआप पहिला आला. ह्यावर पुष्कळ ओरड झाली. पंचवीस वर्षांपूर्वीची उत्तरपत्रिका आज पुन्हा तपासायची का, हा प्रश्न शिक्षकांना काही परका नाही. मला विचाराल, तर तपासणी करायला हरकत नव्हती. पण एका वर्षातल्या घोड्यांची आपसांतली तुलना जितकी भरवशाची, तितकी दोन पिढ्यांमधली नसते, हे बरोबर सांगायला हवे होते. आपला स्क्वांडरर 19 पैकी 18 शर्यती जिंकला. तो फ्रँकेलच्या तोडीचा होता का? गाठ पडली नाही, मधला दुवा नाही. आपल्याकडचे शंभर गुण आणि तिकडचे शंभर गुण ही एकाच मापाची पायली नव्हे.

आता आपल्या शिवारात येऊ. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर 2021 मध्ये उठली, 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायमची मान्यता दिली, आणि शर्यतीच्या बैलांचे भाव लाखांत गेले. विकणारा काय सांगतो? "ह्यानं इतक्या मैदानांत पहिला नंबर मारलाय." घेणारा कर्ज काढून पैसे मोजतो. त्याने आणखी थोडे विचारावे. मैदानात समोर कोण होते? अंतर किती पडले? आणि इथे घोड्यापेक्षा अवघड गोष्ट अशी, की बैल एकटा पळत नाही. जोडीला दुसरा असतो, पुष्कळदा दुसऱ्याच मालकाचा. नंबर जोडीचा, भाव मात्र एकाचा! तेव्हा हा बैल वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर किती वेळा पळाला, आणि तो नसताना त्याच्या जोडीदाराचे काय झाले, हे कळल्याखेरीज विसाराचा रुपयासुद्धा हातावर ठेवू नये.