मुलांच्या आठवणीतील गाणी आणि निबंधाची वही
(शिक्षक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेतील निबंधाच्या विषयांत 'माझा आवडता छंद : संगीत' हा विषय वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे. त्यावर येणारे निबंधही ठरलेलेच असतात. पहिल्या वाक्यात संगीत ही चौसष्ट कलांपैकी एक ठरते, दुसऱ्या वाक्यात तानसेन दीपक राग गाऊन दिवे लावतो, आणि अखेरीस संगीतामुळे मनाला शांती लाभते. शुद्धलेखन बरे असेल तर दहापैकी सात गुण मिळतात. अशा निबंधात सारे काही असते. नसते ते एवढेच, की लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात काय ऐकले. वस्तुतः निबंधाचा विषय वाईट नाही. तो ज्या रीतीने दिला जातो ती रीत निर्जीव झाली आहे.

कळमना हे नाव नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नागपूरच्या पूर्वेकडील हे एके काळचे गाव; आज महानगराच्या पोटात गेलेले. तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात धान्य, मिरची, संत्री, मोसंबी यांचे लिलाव होतात. शेजारून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. गाव संपले आहे, पण शहर अजून पुरते आलेले नाही, अशी ही वस्ती. जिल्ह्यातील खेड्यांतून माल तेथे जातो, मागोमाग माणसेही जातात. अडत्या, हमाल, मापारी, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया, मालमोटारीवरील चालक, छत्तीसगडाहून पिढ्यांपूर्वी मजुरीसाठी येऊन नागपूरच्या पूर्व भागात स्थिरावलेली कुटुंबे, या सर्वांची मुले अशा वस्तीतील शाळांत एका बाकावर बसतात. गावातील शाळेचेही चित्र हळूहळू याच वळणावर येत आहे. म्हणून खेड्यातील शिक्षकाने कळमन्याकडे परक्या शहराचा भाग म्हणून न पाहता आपल्या गावाच्या उद्याकडे पाहावे तसे पाहण्यास हरकत नाही.

अशा वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्यास 'तू लहानपणी काय काय ऐकलेस?' असे विचारले तर त्याच्या कानावरून काय गेलेले असेल? पहाटे भाजीच्या लिलावाचा पुकार. त्या पुकारालाही एक लय असते. आकडे चढत जातात तसा आवाज चढतो आणि सौदा तुटताच खाली येतो. मग मालगाडीचा डब्यामागून डबा असा ठेका. दुपारी देठ खुडताना बायांनी एकमेकींना दिलेली उत्तरे, ज्यांत बोलणे कोठे संपते आणि गाणे कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. संध्याकाळी खंजिरीवरील भजन. लग्नाच्या दिवसांत संदलचे ढोल, आणि अलीकडे खिडक्या हादरविणारी ध्वनिवर्धकांची गाडी. घरात आजीचे काहीतरी गुणगुणणे. यातील किती गोष्टींना ते मूल 'संगीत' म्हणेल? बहुधा एकीलाही नाही. त्याच्या समजुतीने संगीत म्हणजे पुस्तकातील तानसेन किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रपटगीत. घरी काही गातात काय असे विचारल्यास ते चटकन 'नाही' म्हणते. हे 'नाही' शिक्षकाने लगेच खरे मानू नये.

या नकाराच्या मुळाशी पुष्कळदा लाज असते. छत्तीसगडी घरातील मुलाचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास त्याच्या आईच्या मैत्रिणी टोपलीत धान भरून त्यावर मातीचा पोपट ठेवतात आणि त्याभोवती गोल फिरत, टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. त्यास सुवा गीत म्हणतात. सुवा म्हणजे पोपट. स्त्री आपल्या मनातील गोष्ट त्या पोपटापाशी बोलते. डिसेंबरच्या 18 तारखेस गुरू घासीदास यांच्या जयंतीला सतनामी समाजात मांदर आणि झांज यांच्या तालावर पंथी नृत्य होते. इतके सगळे ज्याच्या घरी आहे, ते मूल वर्गात आपल्या घरी गाणे नाही असे सांगते. कारण घरची भाषा वर्गात उच्चारली की हसू पिकते हे त्याने पहिल्या आठवड्यातच ओळखलेले असते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचेही फारसे निराळे नाही. 'पाणी'चे 'पानी' आणि 'शाळे'ची 'शाया' झाली की तांबडी शाई धावून येते. मग गाण्यातील सगळीच अक्षरे संशयास्पद वाटू लागतात, आणि मूल सुरक्षित अशा तानसेनाकडे वळते.

या शाईमुळे गमावले काय जाते, याचा विचार करावयास बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण पुरेसे आहे. 1880 साली खानदेशातील असोदे येथे जन्मलेल्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या रचीत गेल्या. ते शब्द घरातल्याच मुलांनी, त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांच्या आप्तांनी, कागदावर उतरविले म्हणून टिकले. 1951 मध्ये बहिणाबाई निवर्तल्या आणि 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. उतरविणाऱ्याने 'अहिराणीची छटा असलेले हे शब्द अशुद्ध आहेत' म्हणून वही मिटली असती, तर मराठी भाषा किती दरिद्री झाली असती! महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांत फिरून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या 2017 पासून सार्वजनिक अभिलेखात प्रसिद्ध होत आहेत. त्या गाणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना गाणाऱ्या म्हणून कोणी ओळखत नव्हते. अशा आजी प्रत्येक शाळेच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाचवीतला नातू.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मुलांकडून लोकगीते गोळा करविणे हा या लेखनाचा हेतू नव्हे. तो संशोधकांचा मार्ग आहे. विद्यार्थ्याने गाण्यासंबंधी विचार करावा, हा हेतू आहे. आणि गाण्यासंबंधी विचार करू लागलेले मूल समाजासंबंधी विचार करू लागते, हे शिक्षकाने आरंभीच जाणून असावे. पोळ्याची झडती घ्या. तोरणाखाली बैल उभे राहिले की एकेक जण पुढे होऊन झडती म्हणतो आणि शेवटी महादेवाचा गजर होतो. त्या झडत्यांत पाऊस असतो, कापसाचा भाव असतो, सावकार असतो, पुढाऱ्यांची टवाळीही असते. मुलाला त्यातील यमक तोंडपाठ असते, पण 'हा सावकार कोण?' असा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि खाऊ ओळखतात. त्या गाण्यांत सासर-माहेर भरलेले असते. सहावीतील मुलीने ते गाताना मनाशी काय म्हटले, सासरचे ते चित्र तिला आवडले की भिववून गेले, हे तिने लिहिले तर तो निबंध घरोघरी वाचावा अशा योग्यतेचा होईल.

संगीत आणि समाज यांचा सर्वांत खडतर संबंध जातीचा. पुष्कळ गावांत काही जातींना दुसऱ्याच्या दारी वाद्य वाजविणे हे गावकीचे काम म्हणून करावे लागे. वाजविणारा मंगल कार्याला अपरिहार्य, आणि पंगतीला मात्र दूर. हे सत्य लपवून ठेवून संगीताचे गोडवे शिकविणे प्रामाणिकपणाचे नव्हे. याच नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आंबेडकरी चळवळीबरोबर गाण्याचेही रूप पालटले. पूर्वी जे गळे दुसऱ्यासाठी गात, ते स्वतःविषयी गाऊ लागले. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी येथे 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी, मुंबईत कष्टाची कामे करीत असता अक्षरे शिकले आणि पुढे गीतांतून गावोगाव विचार पोहोचवीत राहिले. 2004 मध्ये ते वारले. त्यांची गीते विदर्भातील वस्त्यांत आजही ऐकू येतात. जयंतीच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून ऐकलेले गीत ही एखाद्या मुलाची पहिली आठवण असू शकते. दुसऱ्या मुलाची पहिली आठवण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची असेल. महाराजांचे शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांच्या पलीकडे गेले नाही. पण 1942 च्या आंदोलनात त्यांच्या खंजिरीने जो परिणाम घडविला तो सरकारला इतका सलला की त्यांना कारावास घडला. आज नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव आहे. तिसरे मूल दर्ग्यावरील कव्वालीविषयी लिहील. ही तिन्ही मुले एका वर्गात आपापले लिखाण वाचून दाखवितात तेव्हा नागरिकशास्त्राचा जो पाठ होतो, तो पुस्तकातून होणे अवघड.

यात शिक्षकाची कसोटीही आहेच. आठवणीत येणारे प्रत्येक गाणे चांगले असते असे नव्हे. काही गाण्यांत एखाद्या जातीची हेटाळणी असते, काहींत स्त्रियांचा पाणउतारा असतो. मुलाने असे गाणे लिहून आणल्यास पान फाडू नये, आणि ते वर्गात मोठ्याने वाचूनही घेऊ नये. 'हे गाणे ज्याच्याविषयी आहे तो ऐकत असता तर त्याला काय वाटले असते?' एवढा प्रश्न त्या मुलाला एकट्याला विचारावा. उत्तर मिळण्यास चार दिवस लागले तरी चालेल. तसेच काही आठवणी दुःखाच्या निघतात: गाणारी आई आता नाही, किंवा बाप पिऊन आला की गात असे. असे लिखाण वर्गात वाचावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या मुलाचा. शिक्षकाने त्यावर गुण तर देऊच नयेत.

घरच्या गाण्यावर भर दिल्याने मुले संकुचित होतील, अशी शंका सुजाण शिक्षकही व्यक्त करतात. अनुभव उलट आहे. हंगेरी देशातील थोर संगीतकार झोल्तान कोडाय यांनी बेला बार्तोक यांच्याप्रमाणेच विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपली, आणि पुढे बालकांच्या संगीतशिक्षणाची जी पद्धती घडविली तिचा पाया मातृभाषेतील गाण्यांवरच घातला. तेथून मुले जगातील उत्तमोत्तम संगीताकडे जातात. आपल्या विदर्भाचे उदाहरण वसंतराव देशपांडे यांचे. 1920 साली मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या वसंतरावांचे बालपण आईच्या छत्राखाली नागपुरात गेले. तेथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पुढे लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी करून त्यांनी गाणे सांभाळले, आणि 1967 साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' मधील खाँसाहेबांची भूमिका गाजविली. नागपुरात पाया घातलेला तो गळा पुढे कोणा एका घराण्याच्या चौकटीत मावला नाही.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे. पोळा ते कोजागिरी हा काळ या लेखनास उत्तम; तान्हा पोळा, मारबत, भुलाबाई हे सारे त्यात येते. विषय फळ्यावर लिहून 'चाळीस मिनिटांत दोन पाने' अशी आज्ञा करू नये. प्रथम दोन-तीन दिवस नुसते बोलणे व्हावे. प्रश्न बारीक असावेत: ते गाणे कोण म्हणत असे, त्या वेळी तिचे हात काय करीत होते, घरात कशाचा वास येत होता, ती कोणत्या ओळीला थांबत असे, तुला त्यातील कोणता शब्द कळला नव्हता. 'संगीताचे महत्त्व सांग' यापेक्षा 'आजीचे हात काय करीत होते' या प्रश्नाला मूल दसपट बोलते. जे बोलले तेच लिहू द्यावे. पहिल्या खर्ड्याला तांबडी शाई लावू नये. दुसऱ्या खर्ड्यात मुलाच्या स्वतःच्या वाक्यांचे शुद्धलेखन जरूर सुधारावे, ते शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र गाण्यातील शब्द जसे उच्चारले जातात तसेच ठेवावेत. छत्तीसगडी, हलबी, गोंडी शब्दाचा अर्थ शिक्षकास ठाऊक नसल्यास तो मुलाला विचारावा. वर्गात शिक्षक विचारतो आहे आणि मूल सांगते आहे, असा प्रसंग वर्षातून एकदा तरी येऊ द्यावा. ज्या मुलाची खरी पहिली आठवण भ्रमणध्वनीवरील चित्रपटगीताचीच आहे, त्यालाही ते निःसंकोच लिहू द्यावे. त्या गाण्याच्या वेळी घरात कोण होते आणि कोण कामावर गेले होते, हे त्याने लिहिले म्हणजे झाले.

तयार झालेले लिखाण तपासणीसाठी कपाटात बंद करून ठेवण्यात अर्थ नाही. ते मुलाने घरी न्यावे आणि ज्याचे गाणे आहे त्याला वाचून दाखवावे. बहुतेक ठिकाणी ऐकणारीला अक्षर येत नसेल. ती मधेच थांबवील, एखादा शब्द चुकला म्हणेल, राहिलेले एखादे कडवे सांगेल. ते मुलाने त्याच पानाच्या समासात, निराळ्या शाईने, तिच्या नावासह लिहावे आणि वही दुसऱ्या दिवशी शाळेत आणावी.