अभिजात ग्रंथ आणि अकरा वर्षांचा वाचक

(शाहूवाडी तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील किंवा गावच्या वाचनालयातील कपाटापुढे दहा-बारा वर्षांचे मूल उभे राहते आणि एखाद्या जाड ग्रंथाकडे बोट दाखविते. ‘थोर लेखकाचा ग्रंथ आहे, वाचलाच पाहिजे,’ असे म्हणून तो त्याच्या हाती दिला जातो. किंवा ‘तुला यातले काय कळणार?’ असे म्हणून कपाट बंद केले जाते. दोन्ही प्रसंगी तो ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी बहुधा कोणी घेतलेली नसते.

राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. साक्षर झालेल्या मुलाला पुढे काय वाचावयास द्यावे, हे ठरविण्याची जबाबदारी आज आपल्यावर आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, तेथील मुलाने वाचनालयातून नेलेले पहिले पुस्तक फार मोलाचे असते. ते रुक्ष किंवा असह्य वाटले, तर दुसरे मागण्यासाठी ते मूल कदाचित पुन्हा येणारही नाही.

ग्रंथाची कीर्ती ही याबाबतीत पुरेशी कसोटी नव्हे. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे ज्ञानपीठ पुरस्काराने तिचा गौरव झाला. कथा महाभारतातील, लेखक कोल्हापुरात वास्तव्य केलेले; तेव्हा ती मुलांना द्यावी, असे सहज वाटते. परंतु अतृप्त वासना हा तिचा विषय आहे. अकराव्या वर्षी त्यातील शब्द वाचता येतील. अर्थ लागण्यास लागणारा अनुभव मात्र गाठीशी नसतो. अशा ग्रंथासाठी मुलाने काही वर्षे थांबावे. त्याने ग्रंथाला उणेपणा येत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. ते ४२ रात्रींत विभागलेले असून श्याम रोज एक आठवण सांगतो. वर्गात दररोज एक रात्र वाचावी, तर दोन-अडीच महिन्यांत पुस्तक पुरे होते. भाषाही सुबोध आहे. तथापि त्याच्या अखेरीस आईचा मृत्यू आहे. वर्गात मातृवियोग झालेले मूल असेल, तर शिक्षकाने त्याच्याशी आधी एकांतात बोलावे आणि ती प्रकरणे त्याच्यावर लादू नयेत. वाचताना मुलाच्या डोळ्यांत पाणी आले तर बिघडत नाही. त्या वेळी जवळ मायेचे माणूस मात्र हवे.

सर्वांत अवघड प्रश्न अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चा. आपल्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यातील ही कथा. तीत भूक आहे, जातीमुळे वाट्यास आलेला अपमान आहे आणि रक्तपातही आहे. तो लहानांना झेपणार नाही, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण १६६० सालचा पावनखिंडीचा रणसंग्राम आपण चौथीच्या मुलांना अभिमानाने सांगतो. ती खिंड याच तालुक्यात आहे आणि तेथेही रक्तच सांडले. सांगणारा माणूस प्रसंगाचा अर्थ उलगडून दाखवितो, म्हणून मूल त्या कथेने घाबरत नाही. ‘फकिरा’ची निवडक प्रकरणे शिक्षकाने अशीच वाचून दाखवावीत, संपूर्ण पुस्तक मुलाने तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतः वाचावे. भूक आणि अपमान काही मुलांनी पुस्तकापूर्वीच पाहिलेले असतात. त्यांच्यापासून ही कथा दडवून ठेवण्यात त्यांचे कोणतेच हित नाही.

व्यवहारात करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. शिक्षकाने पुस्तक आधी स्वतः वाचावे. पहिली दोन पाने मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. ते ओळीओळीला अडखळत असेल, तर ते पुस्तक तूर्त वाचून दाखविण्याचे समजावे. अर्धवट सोडलेले पुस्तक परत आले, तर कारण विचारावे, बोल लावू नये. ते कोठवर वाचले गेले, याची नोंद वहीत ठेवावी. पुढील मुलाला पुस्तक देताना ती उपयोगी पडेल.

पंचायत सदस्यांना एक विनंती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ मासिक सुरू झाले. साधने अगदीच नाहीत, असे नाही. वाचनालयासाठी खरेदी करताना नामवंत ग्रंथांच्या यादीवर केवळ सही करू नये. कोणते पुस्तक कोणत्या वयासाठी, हे शिक्षकांना विचारावे आणि मोठ्या ग्रंथांकडे नेणारी छोटी पुस्तकेही घ्यावीत.

पुस्तक मुलाला योग्य की अयोग्य, हे त्याच्याजवळ बसून चार पाने वाचल्यावाचून कळत नाही. आठवड्यातून एक तास आपण सर्वांनी यासाठी राखून ठेवावा, एवढे आवाहन करून मी आपली रजा घेतो.