लर्निंगवर किती दिवस?

(उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी हात वर करायला सांगितलं, तेव्हा लर्निंग लायसन्स काढलेले बरेच निघाले. पक्कं लायसन्स असलेले मात्र मोजके. आपल्याकडे कच्चं आणि पक्कं असे दोन शब्द आहेत, पण वागताना आपण कच्च्यालाच पक्कं धरून चालतो. लर्निंगचा कागद मोबाइलमध्ये आला की झालं, गाडी बाहेर काढली.

आधी लर्निंग म्हणजे काय ते समजून घेऊ. ती गाडी चालवायची नाही, शिकायची परवानगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ती सहा महिने चालते. नियम सांगतो की शेजारी शिकवणारा हवा, त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. मोटरसायकलवर शिकताना मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही बसवायचं नाही. म्हणजे लर्निंगवाल्याने दोस्ताला मागे घेऊन लालचक्कीहून विठ्ठलवाडी स्टेशनला सोडायला जाणं नियमात बसत नाही. तो दोस्त लायसन्सवाला असेल आणि खरोखर शिकवत असेल, तर गोष्ट वेगळी.

'पोलिसाने पकडलं तर बघू' असं म्हणणारे इथे आहेत, मला माहीत आहे. लायसन्स नसताना गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ५,००० रुपये दंड आहे, आधी तो ५०० होता. पण खरं संकट दंडाचं नाही. तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर काय, हा प्रश्न मोठा आहे.

सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की लर्निंग लायसन्स हेही कायद्याच्या नजरेत लायसन्सच आहे. चालकाकडे फक्त लर्निंग होतं, एवढ्यावरून विमा कंपनी हात झटकू शकत नाही. हे ऐकून खूश होऊ नका. हे मुदतीतल्या लर्निंगबद्दल आहे. सातव्या महिन्यात तुमच्या हातात जे असतं ते लायसन्स नसतं. तेव्हा अपघात झाला आणि मालकाने हे माहीत असून गाडी दिली असं सिद्ध झालं, तर कोर्ट बहुधा कंपनीला सांगतं की जखमीला भरपाई आधी द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक कोण? गाडी अब्बांच्या नावावर असते. नाहीतर मामूंच्या, किंवा ज्यांच्या कारखान्यातले जीन्सचे गठ्ठे तुम्ही पोहोचवता त्या शेठच्या. भरपाईची रक्कम लाखांत जाते. एका घराची वर्षांची बचत, आणि तीही पुरत नाही.

अठरा पूर्ण नसलेल्यांसाठी कायदा आणखी कडक आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं कुणीतरी सांगतं. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीसाठी. घरातली ॲक्टिव्हा ११० सीसीची आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. डिलिव्हरीचं काम करायचं म्हणणाऱ्या मुलाची अठरा ते पंचवीस ही सगळी वर्षं गेली.

आता पक्कं कसं करायचं. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाले की चाचणी देता येते, आणि सहा महिने संपायच्या आत ती द्यायची. म्हणजे पाच महिन्यांची खिडकी आहे. ती चुकली की लर्निंग पुन्हा पहिल्यापासून, फी पुन्हा. केंद्राच्या नियमातली फी प्रत्येक वर्गाच्या लर्निंगला १५० आणि परीक्षेला ५० रुपये आहे. पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. एजंट जो आकडा सांगतो तो याच्याशी ताडून बघा. खासगी गाडीच्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र बंधनकारक नाही, हेही एजंट सांगत नाही.

आपलं काम कल्याणच्या आरटीओत, एमएच ०५. अर्ज आणि चाचणीची वेळ दोन्ही 'सारथी' पोर्टलवर. गाडी तुम्हीच न्यायची, तिचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवं. दुचाकीला आठचा आकडा काढायला सांगतात आणि पाय जमिनीला लागला की गडबड होते. कारला रिव्हर्स आणि चढावर थांबून पुन्हा निघणं. नापास झालात तर सात दिवसांनी परत जाता येतं. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला १२० तास चालवल्याची नोंदवही भरावी लागते, आणि पास झाल्यावरही काही वर्षं गाडीवर 'पी' ची पाटी असते. आपल्याकडे फक्त तीस दिवसांची अट आहे, तासांचा हिशोब कुणी मागत नाही. तो आपणच ठेवायचा.

अर्ज करताना वर्ग नीट निवडा. बिनगिअरचं लायसन्स काढून स्प्लेंडर चालवणारे पुष्कळ आहेत. त्या गाडीपुरतं त्यांच्याकडे लायसन्स नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट खास सांगतो. आपल्या नावांची. आधारवर 'मोहम्मद', शाळेच्या दाखल्यावर 'मो.', पॅनवर 'एमडी'. शेखच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे 'ए-आय', कुठे 'ई-आय'. माणसाला हा एकच माणूस दिसतो, संगणकाला तीन दिसतात. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग काढता येतं, तेव्हा आधारवरचं नावच पुढे लायसन्सवर जातं. त्यामुळे आधार आधी दुरुस्त करा, लायसन्स नंतर. उलट केलंत तर दोन्हीकडे दुरुस्तीचे हेलपाटे. परीक्षा मराठीतून देता येते, ती द्या. फक्त खुणांचे प्रकार पाठ करा: लाल गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, निळा चौकोन म्हणजे माहिती. आणि ती परीक्षा भावाला किंवा एजंटला द्यायला लावू नका. त्या खुणा रस्त्यावर तुम्हालाच वाचायच्या आहेत.

मागच्या रांगेतल्या बहिणींसाठी. सौदी अरेबियात बायकांना २४ जून २०१८ पासून गाडी चालवता येऊ लागली, त्याची इथे खूप चर्चा झाली. आपल्या कायद्यात अशी बंदी कधीच नव्हती. बंदी असते ती घरात, 'काय गरज आहे, भाऊ सोडेल ना' या वाक्यात. भाऊ नेहमी मोकळा नसतो आणि क्लास रात्री आठला सुटतो. फोटोत चेहरा पूर्ण दिसायला हवा, डोक्यावरच्या स्कार्फची अडचण येत नाही. हेल्मेटची सूट मात्र पगडी घालणाऱ्या शिखांनाच आहे, स्कार्फला नाही. पातळ सुती स्कार्फवर हेल्मेट नीट बसतं, पिन मात्र काढून ठेवा. आणि घरात भावाचं पक्कं करायला पैसे निघतात, तेव्हाच आपाचं लर्निंगही निघू द्या. एकच पोर्टल, एकच रांग.

अब्बांना एक आठवण: तुमच्या लायसन्सची मुदत बघा. चाळिशीनंतर ती आपोआप पुढे सरकत नाही.

खाली दोन लॅपटॉप लावले आहेत. ज्यांच्या लर्निंगला चार महिने उलटले त्यांनी आधी या, बाकीचे नंतर. आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा, ओटीपी त्याच नंबरवर येतो. मुदत संपलेल्यांनी वेगळी रांग करा आणि आज घरी जाताना गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.