जाकीट निवडावे कोठे आणि कोणी?
(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहानिमित्त परळ येथे पर्यवेक्षक, मुकादम आणि भांडार विभागातील कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



४ मार्च हा दिवस आपण दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. या निमित्ताने शपथ घेतली जाते, फलक लावले जातात आणि पुष्कळ ठिकाणी कामगारांना नवी सुरक्षा जाकिटे वाटली जातात. आज मी त्या जाकिटांविषयीच बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु ज्याला पहाटे चार वाजता भररस्त्यात वाकून काम करावयाचे असते, त्याच्या दृष्टीने तो लहान नाही.

आपण ज्या परळमध्ये जमलो आहोत, तेथील कामगाराचा दिवस एकेकाळी गिरणीच्या भोंग्याने सुरू होत असे. त्याला असलेला धोका चार भिंतींच्या आत होता. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कठडा घालण्याची तरतूद केली, तेव्हा यंत्र एका जागी स्थिर आहे हे गृहीतच होते. आज गिरण्या राहिल्या नाहीत. या भागातील श्रमिकांचा मोठा वर्ग रस्त्यावर, रुळांवर आणि गटारांच्या तोंडाशी काम करतो. लालबागच्या उड्डाणपुलाखाली झाडू मारणाऱ्या भगिनी, कचरागाडीमागे धावणारे कामगार, दादर-परळ दरम्यान रुळांची देखभाल करणारे गँगमन, मलनिस्सारणाचे कर्मचारी, रस्ता खोदणारे मजूर हे सारे त्यात आले. त्यांच्या अंगावर येणारे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असते आणि ते धावत असते. येणाऱ्या मोटारीभोवती कठडा घालता येत नाही. म्हणून ज्याने गाडी हाकावयाची, त्याला माणूस वेळीच दिसला पाहिजे. जाकिटाचे प्रयोजन एवढेच आहे.

‘वेळीच’ म्हणजे किती अंतरावरून? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. चालकाला माणूस दिसणे, त्याने निर्णय घेणे, ब्रेक लागणे आणि वाहन थांबणे, या सर्वांसाठी त्या वेगाला ६० मीटर अंतर भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत धरले आहे. म्हणजे सुमारे ऐंशी पावले. तेवढ्या अंतरावरून जे जाकीट दिसत नाही, ते अंगावर असून नसल्यासारखेच.

या जाकिटाचा इतिहास आपल्या मुंबईला जवळचा वाटेल असा आहे. १९६४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विजेवर धावणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या मार्गावरील रेल्वे कामगारांना झगझगीत नारिंगी जाकिटे प्रयोगादाखल देण्यात आली. त्या जाकिटांना ‘काजवा’ असे टोपणनाव पडले होते. आपल्या मुंबईत तर ३ फेब्रुवारी १९२५ पासून विजेच्या गाड्या धावत आहेत. वाफेच्या इंजिनाची धडधड लांबून ऐकू येई; विजेची गाडी वेगाने आणि त्यामानाने शांतपणे येते. कानाने मिळणारा इशारा कमी झाला, तेव्हा मोटरमनच्या डोळ्यांची मदत घेणे भाग पडले.

आता जाकिटाच्या घडणीकडे वळू. त्यात दोन निरनिराळे पदार्थ असतात आणि त्यांची कामेही निरनिराळी आहेत. पहिला पदार्थ म्हणजे झगझगीत कापड. सूर्यप्रकाशातील, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून ते दृश्य रंगाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून ते ढगाळ दिवशी आणि उजाडताना किंवा मावळताना विशेष उठून दिसते. रात्री, रस्त्यावरील दिव्यांखाली, त्याचा हा गुण फारसा उरत नाही. दुसरा पदार्थ म्हणजे रुपेरी पट्टी. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसविलेले असतात आणि ते प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवितात. चालकाचे डोळे त्याच्या दिव्यांपासून फार दूर नसल्याने ती पट्टी त्याला उजळलेली दिसते.

आपल्याकडे या पट्टीला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. शिक्षकबंधूंनी या नावाकडे लक्ष द्यावे, कारण नावामुळे गैरसमज होतो. या पट्टीत रेडियम नाही आणि ती स्वतः प्रकाशतही नाही. दिवे न लावता येणाऱ्या सायकलस्वाराला किंवा ज्याचा पुढचा दिवा बंद आहे अशा टेम्पोच्या चालकाला ती काहीच सांगत नाही. ‘रेडियम लावले आहे, आता काळजी नाही’ असे मानणारा कामगार एका शब्दामुळे फसतो.

फसगत कार्यालयाचीही होते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या भांडारात मी नव्या जाकिटांचा गठ्ठा पाहिला. ट्यूबलाइटखाली पट्ट्या चांगल्या चकाकत होत्या. सहज म्हणून दिवा मालवला आणि विजेरी डोळ्याजवळ धरून झोत टाकला. पट्ट्या करड्याच राहिल्या. ते नुसते रुपेरी प्लॅस्टिक होते. पुरवठादाराने कराराचा भंग केला होता, असेही म्हणता येईना. कारण निविदेत ‘चमकदार पट्ट्यांसह जाकीट’ एवढेच लिहिले होते. चमकदार पट्ट्या मागितल्या, चमकदार पट्ट्या मिळाल्या. आधीच्या वर्षीची तशीच जाकिटे घालून माणसे वर्षभर रात्रपाळी करीत होती, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून निविदेची भाषा नेमकी हवी. अशा कपड्यांसाठी आय. एस. १५८०९ हे भारतीय मानक आहे आणि आय. एस. ओ. २०४७१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानकात तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात झगझगीत कापड किमान ०.१४ चौरस मीटर आणि परावर्ती पट्टी ०.१० चौरस मीटर लागते. दुसऱ्या वर्गात अनुक्रमे ०.५० आणि ०.१३, तिसऱ्या वर्गात ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. बिनबाह्यांचे जाकीट तिसऱ्या वर्गात बसत नाही; त्यासाठी बाह्या किंवा पट्ट्या लावलेली पूर्ण विजार लागते. हातापायांवरील पट्ट्या हलतात, आणि तो दगड किंवा खांब नसून माणूस आहे हे चालकाला चटकन उमगते. वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर रात्री काम करणाऱ्याला नुसते जाकीट पुरेसे नाही, ते याचसाठी.

रंगाची निवड कार्यालयात बसून करता येत नाही. ती पार्श्वभूमी पाहून करावी लागते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर भगवे झेंडे, गुलाल आणि फुले यांच्या गर्दीत नारिंगी जाकीट बुडून जाते. तेथे पोपटी झाक असलेला पिवळा रंग उठून दिसतो. उलट, पिवळी खोदयंत्रे आणि पिवळे अडथळे यांनी भरलेल्या बांधकामाच्या जागी किंवा दाट झाडीच्या रस्त्यावर नारिंगी बरा. रेल्वेवर लाल, पिवळा आणि हिरवा या रंगांना सिग्नलचा अर्थ असतो. म्हणून तेथे नारिंगीला पसंती मिळाली.

मुंबईत पावसाचा विचार तर सर्वांत आधी केला पाहिजे. हिंदमाता परिसरात पाणी तुंबले की कर्मचारी गुडघाभर पाण्यात मेनहोलपाशी उभे असतात. तेथे जाकीट त्यांचेच नव्हे, तर नागरिकांचेही रक्षण करते. कारण उघड्या तोंडाची खूण तो उभा माणूसच असतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत याच भागात उघड्या मेनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला, हे आपणांस स्मरत असेल. उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की तिचे परावर्तन घटते. म्हणून ओल्या अवस्थेतील चाचणीचा अहवाल पुरवठादाराकडे मागावा. दुसरी चूक अगदी साधी आहे. जूनमध्ये रेनकोट वाटला जातो, तो जाकिटावर चढतो आणि चार महिने जाकीट झाकलेलेच राहते. एकतर रेनकोटालाच पट्ट्या हव्यात, नाहीतर जाकीट रेनकोटावरून घालता येईल एवढे मोठे हवे.

मापाचेही तसेच. साडी नेसून काम करणाऱ्या भगिनीला पुरुषी मापाचे ढगळ जाकीट दिले, तर पदराने पट्टी झाकते, किंवा जाकीट झाडूत आणि गाडीच्या कडीत अडकते. यंत्राजवळ वा रुळांजवळ वापरावयाचे जाकीट अडकल्यास ओढ बसताच सुटून यावे, असे बंद त्याला हवेत. दमट हवेसाठी जाळीचे कापड बरे. मात्र झगझगीत क्षेत्र मानकाएवढे भरते की नाही हे पाहावे. उकाड्याने कामगार जे जाकीट खांद्यावर टाकतो, त्याचा दोष कामगारावर ढकलू नये. घासून धुतल्याने पट्टी झिजते आणि उन्हाने रंग विटतो. किती धुलाया सोसतील हे आतल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. त्यानुसार जाकीट बदलण्याची नोंद हजेरी चौकीत ठेवावी.

खर्चाचा प्रश्न निघेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या सोयीचा आकार कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद तिच्यात आहे. तेव्हा जाकिटाचे पैसे मजुरीतून कापणे गैर आहे. कायम कामगाराला एक जाकीट आणि त्याच रस्त्यावर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला दुसरे, हा भेदही समर्थनीय नाही. येणाऱ्या वाहनाला हजेरीपट दिसत नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. जाकीट ही शेवटची तटबंदी आहे, पहिली नव्हे. वाहतूक वळविणे, अडथळे आणि शंकू मांडणे, झेंडेवाला उभा करणे, रुळांवर गाडीवर नजर ठेवणारा माणूस नेमणे, हे आधी. ते न करता जाकीट देऊन मोकळे होणे म्हणजे केवळ आपला कागद पुरा करणे होय.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही हे लागू आहे. गावातून राज्य महामार्ग जातो, तेथे कडेचे गटार उपसणाऱ्या माणसाला मुंबईच्या कामगाराएवढाच धोका असतो, आणि तेथे रस्त्यावर दिवेही नसतात.

शेवटी एक साधी रीत सुचवितो. खरेदीपूर्वी दोन-तीन नमुने मागवा. भांडारात अंधार करून, विजेरी डोळ्याजवळ धरून, पंधरा पावलांवरून ते पाहा. मग ज्या रस्त्यावर काम चालते, त्याच रस्त्यावर, त्याच पाळीच्या वेळी, वाहतूक थांबवून, एकाला जाकीट घालून उभे करा आणि ऐंशी पावलांवरून मोटारसायकलच्या दिव्यात पाहा. तो वाकला असतानाही पाहा, पाठमोरा असतानाही पाहा. हे पाहण्यासाठी कामगारांनाच सोबत घ्या. कोणते जाकीट टोचते, कोणते अडकते आणि कोणते चार तासांत अंगाला चिकटते, हे त्यांच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही. एवढे झाल्यावरच दरपत्रक उघडावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.